जिवंत माणसाचा चेहरा

२१ सप्टेंबर

एकदाचे नव्या घरी पोचलो. खोकी अजून पोर्चमध्येच पडली आहेत, पण विनीने पहिलं काय केलं, तर बूट-मोजे काढून मागच्या गवतात फिरून आली. म्हणाली, "चाळीस वर्षं शहरातल्या फरशीवर उभी राहिले, आता पायांचं सगळं वसूल करणार." मीही चाळीस वर्षं एका खोलीत बसून लोकांच्या कवळ्या घडवल्या. मेणाचे दात, गुलाबी हिरड्या, परक्यांची तोंडं. आता हातांना काही काम नाही आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसतं ते सगळं भोपळ्यांचं शेत. वेली वाळत आल्यात, भोपळे जमिनीवर ठाण मांडून बसलेत. बघूनच माझी बोटं शिवशिवायला लागली.

शेजारच्या पेल्टनबाई ताजा भाजलेला ॲपल-पाय घेऊन आल्या. सत्तरीच्या असतील. शेत त्यांचंच. घरात त्या आणि त्यांचा भाऊ एझरा, अशी दोघंच. भाऊ फाटकापर्यंत आला, पण टोपी डोळ्यांवर ओढून तिथेच उभा राहिला. मी भोपळे कोरतो हे विनीने लगेच सांगून टाकलं. "दर ऑक्टोबरात आमच्या घरात बायकोपेक्षा भोपळ्याचे लाड जास्त," असंही वर म्हणाली. पेल्टनबाई हसल्या नाहीत. इथलं कोरलेल्या भोपळ्यांचं प्रदर्शन मोठं असतं, भाग घ्या, एवढंच म्हणाल्या.

२९ सप्टेंबर

प्रदर्शन दहा तारखेला गावच्या हिरवळीवर आहे. भोपळा निवडायला पेल्टनबाईंबरोबर शेतात गेलो. टिचकी मारून वाजवून बघितलं, उचलून बघितलं. आकाराच्या मानाने जड भोपळा हवा, म्हणजे गर जाड असतो आणि नाक, गाल उठावदार काढता येतात. भोकं पाडून आत मेणबत्ती ठेवणं हे मुलांचं काम. मी साल सोलून गरातच चेहरा घडवतो, मातीत घडवावा तसा. जिथे पातळ करतो तिथून दिव्याचा उजेड झिरपतो आणि चेहऱ्याला कातडीसारखा रंग येतो.

कुणाचा चेहरा काढणार, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, बायकोचा. त्या चालता चालता थांबल्या. "आमच्या गावात जिवंत माणसाचा चेहरा कोरत नाहीत. चेटकीण काढा, भूत काढा. गेलेल्या माणसाचासुद्धा चालेल." का म्हणून विचारलं, तर पुढचा भोपळा वाजवून बघायला लागल्या. घरी येऊन विनीला सांगितलं तर ती म्हणाली, "म्हणजे मी चेटकिणीपेक्षा कमी का? माझाच काढ."

मला वाटलं, नव्या माणसाने पहिल्याच वर्षी बक्षीस न्यावं हे बाईंना खुपत असेल.

७ ऑक्टोबर

झाला. सलग अकरा तास लागले. विनी खिडकीशी बसून होती आणि दर पाच मिनिटांनी, हनुवटी एकच काढ हं, म्हणून बजावत होती. तारेच्या कडीने गालांचा गर काढला, डाव्या नाकपुडीजवळचा तीळ साल ठेवून काढला, कपाळावरच्या तीन आठ्या दात घडवायच्या कोरणीने. ओठ शेवटी. ओठांत मला कुणी हरवू शकत नाही.

तिने वळून बघितलं. मग माझ्या कपाळाचं चुंबन घेतलं. एवढं बरोबर माझ्याकडून आजवर काही झालेलं नाही. सगळ्या कापांना व्हॅसलीन लावून भोपळा पोर्चमध्ये ठेवला. रात्रीच्या जेवणाला विनीने त्याच्या बिया मीठ लावून भाजल्या.

१० ऑक्टोबर

पहिलं बक्षीस मिळालं. पण टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. लोक येत, भोपळ्याकडे बघत, मग माझ्या शेजारी उभ्या विनीकडे बघत आणि निघून जात. एका म्हातारीने तर जाता जाता विनीचा हात हातात घेतला. पेल्टनबाई लांबूनच परत फिरल्या.

विनीला थोडी कणकण आहे. ओठ कोरडे पडलेत म्हणते.

१२ ऑक्टोबर

हे शांतपणे लिहायला हवं.

हवा पुन्हा उकाड्याची झाली आहे आणि भोपळा लवकर बसतोय. हे नेहमीचंच. कोरलेला भोपळा पाच-सहा दिवस टिकतो, मग कडा आत वळतात, तोंड बोळकं होतं, आत काळी बुरशी धरते. आज सकाळी ओठ आत वळलेले दिसले.

घरात आलो तर विनी आरशासमोर होती. तिचेही ओठ आत वळले आहेत. दात सगळे जागेवर आहेत. चाळीस वर्षं मी तोंडंच बघितली आहेत, दात असताना ओठ असे वळत नाहीत. डॉक्टरांकडे नेलं. अंगात पाणी कमी झालंय म्हणाले.

दुपारी ती आत झोपली असताना मी भोपळ्याच्या डाव्या गालावर अंगठा दाबला. फक्त बघायला. गर मऊ होता, खळगा पडला. आतून विनीने हाक मारली, "लायमन, कोण आलं होतं? मला आत्ता कुणीतरी हात लावला."

तिच्या डाव्या गालावर खळगा आहे. भरून येत नाही.

१३ ऑक्टोबर

सकाळी पेल्टनबाईंच्या दारात जाऊन रडलो. त्यांनी आत घेतलं. एझरा टेबलाशी बसला होता, या वेळी टोपीशिवाय. चेहरा आहे, पण कसा सांगू. नाण्यावरचं चित्र झिजतं तसा. एक डोळा दुसऱ्यापेक्षा बोटभर खाली. कान नुसते दोन उंचवटे. त्याच्यापुढे बशीत लापशी होती आणि तो ती मजेत खात होता.

त्यांनीच अकरा वर्षांपूर्वी त्याचा चेहरा कोरला होता, गंमत म्हणून. भोपळा सडायच्या आत नव्या भोपळ्यावर तोच चेहरा उतरवायचा. जेवढा उतरेल तेवढा माणूस नव्यावर येतो, पुरा झाला की जुन्यातून सुटतो. मग तो सडायच्या आत पुढचा. हेच करत त्या अकरा वर्षं जगताहेत. थंडीत एकेक पंधरा दिवस टिकतो. जुलै वाईट, म्हणाल्या. टरबूज, दुधी, सगळं करून पाहिलंय, लागू पडत नाही.

मी विचारलं, एकाच मोठ्या भोपळ्यावर दोघांचे चेहरे कोरले तर?

"एका भोपळ्यात दोघं राहत नाहीत," त्या म्हणाल्या. "आम्ही तिघं भावंडं होतो."

मग शेतात जाऊन त्यांनी स्वतः मला एक जड भोपळा काढून दिला.

१४ ऑक्टोबर

पहाटेपासून कोरत होतो, दुपारी दोनला पुरा झाला. त्या क्षणी जुना पोर्चमध्ये खाली बसला, कुणी आतून हवा काढून घेतल्यासारखा. विनी उठून बसली. ओठ पूर्ववत, खळगा गेला. भूक लागली म्हणाली.

तिला सगळं सांगितलं. मग म्हणाली, "हात आहेच तुझा, तर नाक जरा बारीक कर की."

डावी भुवई थोडी वर गेली आहे. भोपळ्यावर. आणि तिची.

२५ ऑक्टोबर

तिसरा झाला. भुवई खाली आणायला गेलो तर डोळा लहान झाला. फोटो समोर ठेवून कोरतो, पण फोटो सपाट. तिच्याकडे बघून कोरावं तर तिचा चेहरा म्हणजे माझ्या मागच्या चुका. तीळ राहून गेला. संध्याकाळी लक्षात आलं. तिच्या नाकाशी आता काही नाही.

ती आरशाकडे जात नाही. काल तिच्या बहिणीचा फोन आला. मला वाटलं बोलेल. तिने रिसीव्हर माझ्याकडे दिला आणि म्हणाली, माझा आवाज मला ओळखू येत नाही, तिला काय येणार.

४ नोव्हेंबर

हॅलोविन संपलं आणि भोपळे संपले. दुकानात विचारलं तर मुलीने पंपकिन-पायसाठीच्या भोपळ्याच्या गराचा डबा पुढे केला. मी तिच्यावर ओरडलो. तीस मैलांवरच्या शेतावर उरलेले आहेत कळलं म्हणून गाडी हाणली. पोचलो तेव्हा ते डुकरांना घालत होते. शेतकरी एकेक भोपळा आपटून फोडत होता. मी कुंपण ओलांडून आत गेलो, चिखलात गुडघे टेकून डुकरांच्या तोंडातला एक ओढला. तो म्हणाला, "अहो, माणूस आहात की काय?" भोपळा तडकलेला होता.

पेल्टनबाईंच्या तळघरात पेंढ्यात चोवीस आहेत. पुढचं पीक येईपर्यंत एझराला तेवढे लागतात, तेही जेमतेम. त्यातला एक त्यांनी मला दिला. मी मागितलाही नव्हता.

१३ नोव्हेंबर

आणखी एक दिला. मीच तळघरात उतरून घेऊन आलो. घाईत होतो, विनीला धाप लागली होती—

पाचवा. आठ्या जमल्या नाहीत. कपाळ कोरं.

१६ नोव्हेंबर

पेल्टनबाई आल्या होत्या. तळघराचं दार दोन रात्री उघडं राहिलं. पारा शून्याच्या खूप खाली. सगळे भोपळे गोठले, आता वितळून पाणी होताहेत. एझरासाठी आधीच स्वयंपाकघरात वर आणून ठेवलेला एकच वाचला.

दार कुणी उघडं टाकलं हे त्यांनी विचारलं नाही. माझ्याकडे बघितलंही नाही. विनीला सूप देऊन गेल्या.

मीच टाकलं. मीच.

१८ नोव्हेंबर

बर्फामुळे रस्ता बंद. फोन केले, एकूण बावीस दुकानं. सगळीकडे ख्रिसमसची झाडं.

विनीने आज माझा हात धरला. सावकाश बोलली, ओठ नीट हलत नाहीत. "लायमन, मी थोडी थोडी जातेय आणि तू जे ठेवतोयस ते मी नाही. हा गेला की मला जाऊ दे." वचन घेतलं. दिलं. मग आम्ही खिडकीत उन्हाला बसलो. मला वाटलं मी पाळेन. खरंच वाटलं.

१९ नोव्हेंबर

घाईत पातळ कोरला होता, थंडी असूनही सहाव्याच दिवशी खालचा भाग बसला. हनुवटी, तोंड. तिचं तोंड—उघडत नाही. पाणी चमच्याने ओठांवर सोडतो, गळ्यावरून ओघळतं. डोळे मिटत चाललेत.

वचन दिलं तेव्हा हे कुठे—

२० नोव्हेंबर, सकाळी नऊ

एझराचा भोपळा आणला. पेल्टनबाई कोठारात लाकडं आणायला गेल्या होत्या. दाराला कुलूप नसतंच. तो टेबलावर, शेजारी एझराचा फोटो, हत्यारं धुऊन मांडलेली. एझरा खुर्चीत. त्याचा जुना खिडकीत, पार काळा. त्याने मला बघितलं. भोपळा उचलताना हात वर केला, मला वाटलं अडवतो. तो मला ओळख दाखवत होता.

मी धावलो.

सव्वाअकरा

डोळे झाले. नाक झालं. तिने डोळे उघडले, माझ्याकडे बघते आहे. हिचे डोळे असेच होते का—असेच होते. असतील.

दार वाजतंय.

पेल्टनबाई. ओरडत नाहीत. म्हणताहेत, "लायमन, अर्धाच झाला असेल ना? गर जाड आहे त्याचा. खरवडून काढता येईल. अजून श्वास आहे एझराला. लायमन, मी दोन दिले होते तुम्हाला." पुन्हा पुन्हा तेच. दोन दिले होते.

तोंड राहिलंय. ओठांना दहा मिनिटं. डोळे मिटून कोरीन—

विनी उठली. भिंतीला धरून—

तोंड झालं की ती बोलेल. काय बोलेल ते मला माहीत आहे. म्हणून मी सुरी हातात धरून हे लिहीत बसलोय, म्हणून ओठांना हात—

कडी काढली तिने. बाई आत आल्या, डोक्यावर बर्फ, उंबऱ्यातच थांबल्या. विनी माझ्याकडे येते आहे. दोन्ही हात पुढे केलेत, ओंजळीसारखे. भोपळा मागते आहे, बाईंना द्यायला. मी देणार नाही असं सांगायला तोंड उघडलं, पण तिचे हात, हे तर मी कधी कोरले नव्हते, हे अजून तिचेच—