सही करू नको म्हणालो ते मीच

प्रिय नूपुर,

काल दुपारी तुझ्या कोच लतिका मॅडम एसटीनं उमरेडले आल्या. तुझ्या आईनं पोहे केले, पण मॅडमनं प्लेट हातातही घेतली नाही. नोटीस आली म्हणाल्या, चार वर्षांची बंदी. मी म्हटलं, पोरीनं लघवीचा नमुनाच दिला नाही, तर सापडली कशात? तर म्हणे, नमुना न देणं हाच गुन्हा, अन् शिक्षा ताकदीचं औषध घेऊन सापडणाऱ्याएवढीच.

नागपूरच्या वेटलिफ्टिंगच्या स्पर्धेतून तुझा फोन आला तेव्हा मी खाणीतून येऊन हातपाय धूत होतो. एकशे सत्तर किलो उचलले म्हणून तू आधी हसत होती. मग म्हणाली, लघवीचा नमुना घ्यायच्या आधी तपासणीवाली बाई इंग्रजी कागदावर सही मागून राहिली, करू का? मी क्षणभरही विचार केला नाही. खाणीत माझा पाय चेंगरला तेव्हा साहेबानं असाच कागद पुढं केला होता. मी न वाचता सही ठोकली अन् चूक माझीच ठरली. तेव्हापासून कागद दिसला की माझं डोकं फिरते. सही करू नको, बॅग उचल अन् नीघ, असं मीच म्हटलं. तू बी.ए. झालेली, तुले वाचता आलं असतं, पण मी वेळच दिला नाही. तू बापाचं ऐकलं, याचाच आता राग येऊन राहिला मले.

नागपुरात जरीपटक्यातल्या खोलीवर तू सर्दीची गोळीसुद्धा मॅडमले विचारून घ्यायची. तुझ्या अंगात काहीच नव्हतं, पण ते आता कोणाले कसं दाखवायचं?

मॅडमनं जाता जाता अजून एक सांगितलं. मीच घाबरून पळाली, कोणी सांगितलं नव्हतं, असं तू चौकशी समितीले लिहून दिलं. माझं नाव काहून लपवलं वं? लोक तुले औषधवाली म्हणतील अन् मी इथं उजळ माथ्यानं फिरू? मंगळवारी सुनावणी आहे. हे पत्र त्यांच्यापुढं ठेव. बंदी उठेल की नाही, मॅडमलेही भरवसा नाही. पण तू घाबरून पळाली नाही, बापानं तुले पळवलं, हे त्यांच्या फायलीत गेलं पाहिजे. तू पत्र दिलं नाही, तर मी सकाळच्या एसटीनं येऊन स्वतः सांगीन.

तुझाच चुकलेला बाप,
प्रेमानंद