फितूर शेळीची सोबत

१४ जून

आजही तीच उरली.

शेळ्यांचा कळप कड्याच्या पलीकडे, नेच्यांच्या खोलगटात होता. दाखवला तिनेच. तिच्या गळ्यातल्या पट्ट्याची टिकटिक यंत्रावर ऐकत मी पुढे, बंदूक घेऊन अबेलार्दो मागे. चांगली रुळली होती त्यांच्यात. एका म्हातारीच्या पाठीला पाठ लावून बसली होती. मग जे व्हायचं ते झालं. पट्टेवालीला गोळी घालायची नाही, एवढाच नियम. ती पळाली, थांबली, परत आली, एकेकीला हुंगत फिरली. मग आमच्याकडे तोंड करून ओरडली. मला तिथे उभं राहवेना!

अबेलार्दो टोपी काढून म्हणतो, "चला विहीणबाई, आता कोणाकडे पाहुणचार?"

"तोंड बंद ठेव," म्हटलं त्याला. तो हसलाही नाही. इतकी वर्षं मारतोय, पण सवय त्यालाही झालेली नाही. नुसता बडबडतो.

१५ जून

निघाली. उत्तरेकडे. शेळीला एकटं राहवत नाही, ती दुसरा कळप शोधते आणि आम्हाला दाखवते — आमची सगळी संस्था या एका गोष्टीवर चालते.

३ जुलै

धुकं खाली उतरलं. कड्यावर हात पसरला तर बोटं दिसत नव्हती.

लहानपणी बाबा इथे घेऊन यायचे. झाडं धुकं अडवायची, शेवाळातून पाणी ठिबकायचं, खाली डबकी भरायची, डबक्यांत कासवं डुंबायची. मग मटणाची सोय म्हणून कोणी कोळ्यांनी सोडलेल्या शेळ्या वाढत वाढत वर आल्या. झाडं गेली, ठिबकणं गेलं. भेगाळलेल्या चिखलात मान टाकून मेलेली कासवं मी या डोळ्यांनी बघितली आहेत. बंदुकीचा आवाज झाला की मी ती आठवते. नाहीतर हे काम व्हायचं नाही माझ्याच्याने.

आज जुन्या बुंध्यांना फुटवे दिसले. आणि डबक्यात पाणी! त्यात एक थोरलं कासव, डोळे मिटून, निवांत. मी चक्क रडले. अबेलार्दोला हाक मारली, तोही बूट काढून काठावर बसला, पोरासारखा.

तेवढ्यात धुकं विरळ झालं आणि यंत्र टिकटिकलं. ती लांब, लाव्हाच्या उतारावर, एकटीच फिरत होती. आनंदावर विरजण पडलं.

२२ जुलै

गावात उतरले. आईने माझ्यासाठी मटणाचा रस्सा, भात, तळलेली केळी केलेली. घास गिळवेना. आई भडकली.

"डोंगरावर ढीग पाडता आणि ताटातल्या दोन फोडींना लाजतेस होय गं?"

ताट बाजूला सारलं तर आणखी चढली. "तुझ्यापेक्षा ती शेळी बरी! सोबत गेली तर उठून दुसरी शोधते. तू मात्र फाब्रिसियोची चप्पल दारातून हलू देत नाहीस."

"ती शोधते म्हणून तर सगळे मरतात, आई."

 थोड्या वेळाने तिने माझ्यासाठी मासा तळला.

समुद्राने होडी परत दिली, माझा नवरा दिला नाही. दोन वर्षं झाली. चप्पल उचलली तर तो मेला असं मीच म्हटल्यासारखं होईल ना!

११ ऑगस्ट

संस्थेच्या कचेरीत बैठक. साहेब खुशीत. शेवटच्या त्या कळपानंतर बेटावर कुठेच शेळी दिसलेली नाही. पट्टेवालीला अजून थोडे महिने हिंडू द्यायचं. एकटीच राहिली, तर बेट मोकळं झालं. तिने कोणाला शोधून काढलं, तर आम्ही आहोतच.

"आणि नंतर तिचं काय?" मी विचारलं.

"तिचं काय? राहील वरच. पहारेकरीण म्हणून. मरेपर्यंत."

"एकटी?"

"झोइला, अगं, शेळी आहे ती!"

खाली गावात घेऊन येते म्हटलं. साहेब म्हणाले, एक खाली आणलीस की उद्या कोणीतरी दहा वर नेऊन सोडेल. बरोबरच आहे त्यांचं. बरोबर आहे म्हणून तर जास्त राग येतो.

२९ ऑगस्ट

अबेलार्दोचा गुडघा सुजलाय, तो खालच्या तळावर. टिकटिक कितीतरी दिवस एकाच जागेवरून येत होती. मेली, असंच धरून चालले होते. पट्टा काढून आणावा म्हणून एकटी गेले.

मेलेली नव्हती. बसली होती. शेजारी बोकड! म्हातारा, एक शिंग मोडलेलं, काळाकुट्ट. इतकी वर्षं आम्हाला कसा चुकवला कोण जाणे. तिने मान त्याच्या पाठीवर टाकलेली, आणि दोघं रवंथ करत होती.

मी दगडाआड बसून राहिले. डोकं फिरायची वेळ आली. सांगितलं, तर उद्या अबेलार्दो लंगडत का होईना येणार, आणि ती पुन्हा तेच — हुंगत फिरणार. पण तिची नसबंदी झालेली आहे. जनावरांच्या डॉक्टर मिरेयाने केली, पाय मी धरले होते. पिल्लं होणारच नाहीत. दोघं म्हातारी होतील, मरतील, संपलं. दोन तोंडांनी किती झाडं जाणार आहेत?

वॉकीटॉकीवर अबेलार्दोने विचारलं, "काय झालं? मेली का?"

"जिवंत आहे. एकटीच आहे."

३० ऑगस्ट

खोटं बोलले. आणि झोप काय छान लागली!

६ ऑक्टोबर

अबेलार्दोचा गुडघा बरा. आता प्रश्न. "विहीणबाई हल्ली घर धरून बसल्यात?"

"पाय लचकलाय तिचा."

"मग बघून येतो."

"तुझा पाय सांभाळ आधी. उतार चढवणार आहे का तुला?"

 त्याने कॉफी ओतली, माझ्या पेल्यात साखर जरा जास्तच घातली.  फाब्रिसियोचा मित्र तो. माझ्यावर विश्वास ठेवतो. तेच टोचतं.

दुपारी त्या दोघांना बघायला गेले. आता वरचेवर जाते. बरं वाटतं. लाज वाटते, पण बरं वाटतं.

२ नोव्हेंबर

मृतांचा दिवस. आई आणि मी कोलादा हे दाट जांभळं पेय आणि पावाच्या बाहुल्या घेऊन दफनभूमीत. फाब्रिसियोचा नुसता क्रूस, खाली कोणी नाही. तरी त्याच्याशी बोलले. शेळीचं त्यालाच तेवढं सांगितलं.

संध्याकाळी चौकात संस्थेने जाहीर केलं — बेट मोकळं झालं! बँड, फटाके. मला आणि अबेलार्दोला वर बोलावलं. टाळ्या थांबेनात. आई पुढच्या रांगेत, डोळे पुसत, शेजारणीला सांगत होती, "माझी मुलगी ती." मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

२१ नोव्हेंबर

चप्पल उचलून आत ठेवली. मीच. आईने बघितलं. आत जाऊन मेणबत्ती लावली फक्त.

८ डिसेंबर

वरची डबकी काठोकाठ. पाच-सहा कासवं. अबेलार्दो म्हणतो, "नातवंडांना दाखवू." म्हटलं, "तुला आहेत, मला कुठली?" म्हणाला, "माझी काय, तुझी काय!"

आज कधी नव्हे ते वाटलं, सगळं नीट होणार.

१९ जानेवारी

करडं. दोन. तिच्या पोटाखाली गुडघे टेकून ढुशा देत दूध पीत होती. एक मादी आहे. नसबंदी फसली होती.

वॉकीटॉकीवर अबेलार्दोला मीच बोलावलं, बंदूक घेऊन ये म्हणून. ऑगस्टपासूनचं सगळं सांगितलं.  त्याने एवढंच विचारलं, "आणि विहीणबाई?"

म्हटलं, तीसुद्धा. या वेळी कोणालाच मागे एकटं ठेवायचं नाही.