माळ पडीक नव्हता

बाई, काल मंद्रूपजवळच्या आपल्या माळावर जाऊन आले. गुडघाभर गवत आहे. वाऱ्यानं ते एका अंगाला निजतं आणि पुन्हा उभं राहतं. तुम्ही हे जग सोडून किती वर्षं झाली, तरी हे तुम्हालाच सांगावंसं वाटलं.

दुष्काळातला तो उन्हाळा. माळावर झाडं लावायची म्हणून खड्डे खणायचं सरकारी काम निघालं होतं आणि त्या हजरीवरच आमची चूल पेटत होती. कागदावर माळ 'पडीक' होता. तुम्ही सोलापूरहून आमच्या शाळेवर आलेल्या तरुण शिक्षिका, थेट कामावरच्या साहेबांपुढे उभ्या राहिलात. "इथं माळढोकानं अंडं घातलंय. त्याला उघडा माळच लागतो, झाडी चालत नाही." साहेब हसले. माझी आई मात्र टिकाव घेऊन पुढं झाली. "बाई, पाखरापायी आमी हजरी बुडवायची व्हय? पोरांनी खायाचं काय?" एकीकडे आई, दुसरीकडे तुम्ही; मला कुठं बघावं कळेना.

तुम्ही चिडत नाही. "हजरी बुडवू नका. खड्डे खाली ओढ्याकाठी घ्या, तिथं झाडं जगतील. आपल्या कामाचं नाही ते कुणाच्याच कामाचं नाही, असं कसं म्हणायचं?" मग आईचा हात धरून तिला लांबूनच दाखवता. तापलेल्या खड्यांवर मादी पंख जरा पसरून, अंड्यावर सावली धरून बसलेली. आई बराच वेळ बघत राहते. "एकलीच बसलीया की उन्हात," म्हणते, आणि साहेबांकडे वळते. "सायेब, आमी वड्याकडं खणतो. हितं टिकाव पडायचा न्हाय."

तिच्यामागं सगळ्या बाया उतारानं चालू लागल्या. साहेबांना आखणी बदलावी लागली. हजरी कुणाचीच बुडली नाही. माळढोकाचं पिल्लू मादीमागं गवतात चालू लागलं, तेव्हा शाळेच्या खिडकीतून तुम्हाला हाक मारायला माझीच आई आली होती.

पुढं ज्यानं ज्यानं माळाकडं नांगर वळवला, त्याला तिनंच परतवून लावलं. आज ओढ्याकाठी कडुलिंबांची गर्द सावली आहे आणि वर माळ तसाच उघडा, चंडोलांच्या आवाजानं भरलेला. लांबवर काळवीट उभं होतं. जिंकलात बाई तुम्ही.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, म्हणून एवढंही लिहिते. माळढोक काही दिसला नाही. ऊन कलेपर्यंत थांबले होते. तुम्ही समोर असता, तर मला हे सांगवलं नसतं.