आईच्या फोनमधलं जुनं पान

नीतू,

मी ड्युटीवर निघालो. तुले उठवलं नाही. तोंड दाखवायची हिंमत नव्हती.

काल कॉलेजात सरांच्या फोनवर तुहा पोर्टफोलिओ उघडलाच नाही, नुसतं कोरं पान दिसलं अन् सारा क्लास हसला, हे मले आईकडून कळलं. तू मले शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

तू त्या पोर्टफोलिओची साध्या एचटीएमएलमध्ये चांगली वेबसाइट बनवली होती. 'ये तो बच्चों का खेल है, आजकाल कंपन्यात रिॲक्ट चालते' असं मी म्हटलं, कारण तेव्हा माहे सिविक सेंटरच्या बाजारातल्या अड्ड्यावरचे दोस्त घरी बसले होते. खरं सांगतो, रिॲक्टमधलं कोडिंग मलेच येत नाही. व्हिडिओ पाहू पाहू तुही वेबसाइट त्यात नव्यानं उतरवली, तीच काल उघडली नाही. अन् तुही जुनी फाइल 'कचरा' म्हणून मीच डिलीट केली.

ती सापडली. बनवली त्याच दिवशी तू आईले व्हॉट्सॲपवर पाठवली होती. आई अजून रोज उघडून पाहते, नेट नसलं तरी उघडते. तुह्या लॅपटॉपवर टाकून ठेवली आहे. सर सोमवारी पुन्हा पाहणार आहेत ना, तीच दाखव.

मी त्यात काहीच बदललं नाही. सगळ्यात खाली तू लिहिलं आहे, की हे सारं तुले तुह्या दादानं शिकवलं. ती ओळ ठेवायची का काढायची, ते तू ठरव.

केदार