मगरी गोरक्षनाथच्या, बोट माझी

९ नोव्हेंबर, रविवार. सकाळी ९
गुरुवारी गोरक्षनाथ गेला. हार्ट. आज आमचा खेळाचा वार. ठरवलंय, दुःख करत बसायचं नाही. जन्मभर भूगोल शिकवलेल्या माणसाला मरण नैसर्गिक असतं हे कुणी सांगायला नको.

टेबल तसंच मांडलेलं आहे. निळ्या रेक्झिनची आफ्रिकेतली नदी, दोन्ही काठांना प्लास्टिकचं जंगल, मध्ये माझी स्टीमर. धुराडं बॉलपेनचं. तळ सपाट, म्हणजे टेबलावर नीट बसते, पाण्यात सोडली तर बुडेल. डेकवर माझे इवलेसे साहेब लोक, टोप्या घालून. नदीचा उगम शोधायला निघालेत. तीन वळणं राहिली.

बोट गोरक्षनाथनं त्याच्या फर्निचरच्या दुकानात बनवली, हे खरं. पण कल्पना माझी. तो मगरी खेळायचा. मगरी, पाणघोडे, काठावरचे भालेवाले आणि साहेबांना येणारा ताप. आवडायचं त्याला.

संकल्प: मोहीम एकट्यानं पूर्ण करायची.

१० नोव्हेंबर. सकाळ
स्टीमरचं तोंड फिरलंय. काल उगमाकडे होतं, आज समोरच्या खुर्चीकडे. म्हणजे त्याच्या. नाशिक-पुणे रोड जवळ आहे, ट्रकची कंपनं असणार. सरळ केली.

११ नोव्हेंबर
परत फिरली. राजेश्वरीला विचारलं, झाडताना धक्का लागला का. ती म्हणाली, भाऊजी गेल्यापासून त्या खोलीत पाऊल टाकलं नाही आणि टाकणारही नाही. बायको एम.ए. आहे. उपयोग काय?
उपाय: बोटीखाली डबल टेप.

१२ नोव्हेंबर
टेप रेक्झिनला चिकटलेली. बोट पार त्याच्या काठाला. मगरी मात्र सगळ्या माझ्या खुर्चीपुढे, एका ओळीत. मांजर. आपल्याकडे मांजर नाही, असं राजेश्वरी म्हणाली. शेजाऱ्यांचं असू शकतं. मग शेजाऱ्यांकडेही नाही, असं म्हणाली. या बाईला पुरावे फार लागतात.
खोलीला कुलूप लावलं. घाबरून नाही. शिस्त म्हणून.

१३ नोव्हेंबर
कुलूप उघडलं नाही. वेळ झाला नाही.

जेवताना राजेश्वरीनं विषय काढलाच. गोरक्षनाथ चहाचे कप ठेवायला स्वयंपाकघरात गेला की तिला म्हणायचा म्हणे, वहिनी, सरांना सांगा की, एकदा बोट मला द्या. मी म्हटलं, चेष्टा करायचा तो. तर म्हणते, अकरा वर्षं एकच चेष्टा कोण करतं? वर हेही ऐकवलं की साहेब राज्य करून गेले तरी तुम्हाला अजून त्यांच्याच बोटीत बसायची हौस. हा प्रश्न इतिहासाचा. माझा विषय भूगोल. आणखी एक भाकरी मागितली.
झोप नाही. ॲसिडिटी.

१४ नोव्हेंबर. दुपारी ३
आत्ता कुलूपबंद खोलीत फासा पडल्याचा आवाज आला. पाल असणार. पाली हल्ली फार जड झाल्यात.
मी दाराबाहेरून "किती पडले?" असं विचारलं. सवय, दुसरं काही नाही.

संकल्प: उद्या त्याची दशक्रिया झाली की टेबल आवरायचं. बोट शोकेसमध्ये. खाली माझ्या नावाची पट्टी.

१५ नोव्हेंबर, शनिवार. घाटावरून आल्यावर
प्रवरेच्या घाटावर निम्मं संगमनेर लोटलं होतं. प्रवचन झालं, श्रद्धांजलीची भाषणं झाली, पिंड ठेवला. झाडावर कावळेच कावळे, खाली एक उतरेना. मेलेल्याचं काही राहून गेलं की कावळा शिवत नाही, असं लोक मानतात. मी मानत नाही.

त्याच्या भावानं दुकान चालू ठेवायचा शब्द दिला. मुलीनं आईला अंतर देणार नाही म्हणून सांगितलं. कावळे बसून. ऊन चढलं, लोक घड्याळं बघायला लागले.

मला कारण माहीत होतं. म्हणजे एक शक्यता वाटत होती. निव्वळ प्रयोग म्हणून मनातल्या मनात म्हणालो, डाव पुरा करतो. ढिम्म. दोन मगरी जास्त घे. ढिम्म. बरं बाबा, हरतो. एका कावळ्यानं पाठ फिरवली.

तेवढ्यात बनुवहिनी माझ्यापुढे येऊन उभ्या राहिल्या. नवरा जाऊन दहावा दिवस, डोळे सुजलेले. म्हणाल्या, "सर, दर रविवारी तुमच्याकडंच असायचे. कशात जीव अडकलाय त्यांचा, तुमाला ठावं असंल. बोला की. त्यांना असं उपाशी न्हाई बघवत मला."

मागे माझे जुने विद्यार्थी, पतसंस्थेचे चेअरमन, मुख्याध्यापक. मी पुढे झालो, हात जोडले.
"गोरख्या, बोट तुझी." कावळा हलला नाही म्हणून परत म्हणालो, "बोट तुझी. मगरी मी घेतो."
मागे कोणीतरी हसलं. कावळा खाली उतरला.
भूक लागली असणार त्याला. किती उशीर झाला होता.

१६ नोव्हेंबर, रविवार
सकाळीच कुलूप काढलं. बुधवारी होतं तसंच सगळं. काहीच हललेलं नव्हतं. फासाही डबीतच. इतके दिवस ज्याची भीती... उत्सुकता होती, ते आज नव्हतं, तर फार वाईट वाटलं. खुर्चीत बसून थोडा रडलो.

मग बोट त्याच्या खुर्चीपुढे ठेवली. मगरी माझ्याकडे होत्याच. त्याचा फासा मीच टाकला, माझाही मीच. स्टीमरनं पहिलं वळण घेतलं, दुसरं घेतलं, तिसरं घेतलं. उगमाला लागली. अकरा वर्षांत मला एकदाही जमलं नव्हतं.

राजेश्वरी आत आली. टेबलावर दोन कप चहा ठेवून गेली. माझा प्यालो. दुसरा तसाच आहे.

मगरींना काही काम नसतं. बोट जवळून जाईपर्यंत नुसतं बसून राहायचं. हे इतकं कंटाळवाणं असतं, मला कुणी सांगितलं नव्हतं.

सांगितलं होतं. दर रविवारी.