पप्पांचा व्हिडिओ आणि माझं सर्टिफिकेट

४ जुलै, शुक्रवार
बॉक्सची मेल आली. सर्टिफिकेट पाच दिवसांत संपणार. काळजी नाही, ऑटो-रिन्यू चालू आहे.
घरातले सगळे फोटो-व्हिडिओ कपाटावरच्या त्या काळ्या स्टोरेज बॉक्सवर आणले आणि सगळ्यांच्या मोबाइलवरून पुसले, तेव्हाच म्हटलं होतं, आता आपला डेटा आपल्या गावात, पापडीतच. व्हेरोनिकाने तेव्हा विचारलं होतं, एक कॉपी बाहेर ठेवूया का? बायकोला सिक्युरिटी समजावणं कठीण.

९ जुलै, बुधवार. सं. ७.३०
संपलं. ऑटो-रिन्यू झालं नाही.
मम्मी रोज रोझरीच्या प्रार्थनेनंतर टॅबवर पप्पांचा व्हिडिओ बघते. जायच्या महिनाभर आधी त्यांनी वाडीत उभं राहून कुठल्या झाडाला काय करायचं ते सांगितलंय. नऊ मिनिटं. आज त्याऐवजी लाल खूण: 'तुमचे कनेक्शन खाजगी नाही.' मम्मी घाबरली. कोण बघतंय आपल्याला, म्हणाली. टॅबवर रुमाल टाकला.
सांगितलं, बॉक्स आपलाच आहे याचं सर्टिफिकेट असतं, ते संपलंय. तर म्हणे पॅरिश ऑफिसात जा, बाप्तिस्म्याचं दहा मिनिटांत देतात.
माझंही दहा मिनिटांचंच काम आहे.

१० जुलै, गुरुवार. रजा टाकली.
रिन्यू फेल. राउटरचं ८० नंबरचं पोर्ट, म्हणजे बाहेरून आत यायचं दार, उघडं लागतं. उघडलं. फेल. पाच वेळा दाबलं. आता म्हणतं, खूप प्रयत्न झाले, नंतर या.
केबलवाल्याला फोन केला. तो म्हणाला, ते पोर्ट आम्ही वरूनच बंद ठेवतो, सगळ्यांचं. बेसिक ज्ञान नाही त्याला.
ब्राउझरमध्ये 'तरीही पुढे जा' हे बटणही येत नाही. मार्चमध्ये मीच ते बटण बंद करायचं सेटिंग केलं होतं. दूरदृष्टी.

१२ जुलै, शनिवार
कुणाकडे मागायचंच कशाला? लॅपटॉपवर स्वतःचं सर्टिफिकेट बनवलं. देणारा: व्हिव्हियन. मुदत: दहा वर्षं. आधी सगळ्यांच्या मोबाइलवर बसवायचं, मग बॉक्सवर.

१३ जुलै, रविवार
बोळिंजला बहिणीकडे, ॲनिशाकडे. मोबाइल म्हणाला, देणारा विश्वासू नाही. तिचा नवरा सॅन्टन म्हणाला, मोबाइल बरोबर बोलतोय. बसवू दिलं नाही. भाऊजींना टेक्नॉलॉजीची भीती वाटते.
ॲनिशाने विचारलं, येत्या रविवारी पप्पांच्या वर्षाच्या मिस्सानंतर सगळे घरी येणार, व्हिडिओ लावशील ना? टीव्हीवर लावतो म्हटलं.

१६ जुलै, बुधवार. रजा वाढवली.
आज बॉक्सवर सर्टिफिकेट बसवायचं होतं. त्याला ॲडमिनचा पासवर्ड लागतो, चोवीस अक्षरी. लिहून ठेवलाय. बॉक्सवरच, सुरक्षित फोल्डरमध्ये.
आठवून दहा वेळा टाकला. बॉक्सने आमचं घरच ब्लॉक केलं. म्हणजे सिक्युरिटी उत्तम चालू आहे.
मम्मी आता विचारत नाही. रोझरीनंतर नुसती बसते. व्हेरोनिका म्हणाली, कंपनीच्या हेल्पलाइनला फोन कर. ते लोक आधी प्लग लावलाय का विचारतात. नाही करणार.

१९ जुलै, शनिवार
दिवसभर बॉक्ससमोर. हिरवा दिवा शांतपणे लुकलुकतोय. पप्पा माझ्यापासून दीड फुटावर आहेत.
उद्या नेट स्लो आहे म्हणून सांगायचं.

२० जुलै, रविवार
मिस्सा झाली. जेवणं झाली. अँथनी काका म्हणाले, लाव आता. वीसेक माणसं टीव्हीसमोर. मी म्हटलं, नेट जरा स्लो आहे.
व्हेरोनिका म्हणाली, "व्हिव्हियन, खरं सांग."
सांगितलं. ॲनिशा रडायला लागली.
मम्मी म्हणाली, राहू दे, मला पाठ आहे. आणि सुरू झाली. केळीचे लोंगर कधी उतरवायचे, पानवेलीला पाणी किती, जांभाच्या झाडाला कुंपणाकडून का शिंपायचं. पप्पा थांबायचे तिथे थांबली, खोकायचे तिथे खोकली. माझ्या लक्षात आलं, मी हा व्हिडिओ पहिल्या दोन मिनिटांपुढे कधी पाहिलाच नव्हता. फक्त कॉपी केला होता.
शेवटी तिने पप्पांसारखा हात वर केला. "आणि विहिरीची मोटर बंद पडली तर मेकॅनिकला बोलवा. व्हिव्हियनला कळू देऊ नका. तो आधी स्वतः उघडेल."
सगळे हसले. मम्मीपण. मीही हसलो, जरा उशिरा.
उद्या हेल्पलाइन. नंबर व्हेरोनिका लावून देणार आहे. बोलणारही तीच.