बोट उघडलं की दगड सुटतो

२ नोव्हेंबर, रविवार

बाबांनी माझा फोन भिंतीवर फेकला! काच फुटली — आणि मला आनंदाने काही सुचत नाहीये.

आम्ही मित्रमैत्रिणी बनवतोय त्या गेममध्ये गोफण फिरवून ज्वारीवरची पाखरं उडवायची असतात. फोन धरून हात फिरवला की पडद्यावर गोफण फिरते. पण दगड कधी सोडायचा, ते फोनला कळेना. मी ठरवलं होतं, हाताला झटका बसला की सोडायचा. दगड कधी मागे, कधी पायाशी! तीन आठवडे हेच. आज बाबांना म्हटलं, तुम्ही करून बघा. त्यांनी वीस वर्षं लोकांच्या ज्वारीची राखण केली. दोन फेरे घेतले, बोट सोडलं — गेला फोन!

"मंग? दोर सोडल्याबिगर गोटा जाईन कसा वं?" वर मलाच विचारतात!

झटका नाही. बोट!

३ नोव्हेंबर

आईचा फोन रुमालाने तळहाताला बांधला. अंगठा पडद्यावर दाबून ठेवायचा, उचलला की दगड सुटणार. पहिल्याच फेकीत अख्खा थवा उडाला.

"माय वं! ना दोर ना गोटा, अन् पाखरं उडून राह्यले!" — आई.

मी बी.एस्सी. झाले, या फोनच्या आत काय असतं ते शिकले. तरी अंगावर काटा आला. आत एवढीशी चिप, तिला माझा हात कुठे वळतोय ते कळतं! लगेच गेमच्या ग्रुपवर टाकलं.

५ नोव्हेंबर

भांडण. गेम अमरावती-अकोला दोन्ही गटांचा, पण आम्ही अमरावतीवाले फोन रिमोटसारखा हातात धरणारे आणि ते कॅमेऱ्यावाले — रिकामा हात हलवायचा, कॅमेरा बघतो. कोणतं तंत्र आधी आलं यावर तीन वर्षं जुंपली आहे, जणू हे सगळे ती तंत्रं काढणाऱ्या परदेशी कंपन्यांचे जावई!

आता अकोल्याची रागिणी म्हणते, बोटाची युक्ती आम्हीही केली, तुमच्या आधी. आमचा अनुप पेटला — "चोरून राह्यले अकोलावाले!"

गेमच्या पहिल्या पडद्यावर 'युक्ती' म्हणून एकच नाव येणार. मला माझं हवंय. लिहायला लाज वाटते, पण हवंय. आमच्या घरात छापलेली नावं दोनच ठिकाणी — रेशनकार्डावर आणि माझ्या पदवीवर.

८ नोव्हेंबर, शनिवार

अनुप आणि मी अकोल्याला जाऊन आलो. रागिणी कॅमेऱ्यासमोर उभी राहिली. हात रिकामा. दोन फेरे, बोटं उघडली — दगड सणसणत गेला! मी बघतच राहिले. दोन गावं, दोन वेगळी तंत्रं, आणि बोट तेच!

अनुप म्हणाला, "तारीख दाखव."

तिने जुना फोन चाळला, लॅपटॉप चाळला. काही सापडेना. मग हसली. "जाऊ दे ना भाऊ. ग्रुपवर तुमचंच आधी हाये. हिचं नाव लिवा. अन् च्या घ्या आता, थंडा होऊन राह्यला."

पहिल्या पडद्यावर — अपेक्षा देवमन तायडे. बाबांनी अक्षरांवरून बोट फिरवलं.

१० नोव्हेंबर

रागिणीने व्हिडिओ पाठवला. खाली लिहिलंय, "पाह्य ना, आमची माणिकआजी बी तुया बाबांसारखीच!" आजी कॅमेऱ्यासमोर रागिणीला खऱ्या गोफणीने शिकवतेय, ओरडतेय — "बोट उघड पोरी, बोट!" — आणि रागिणीने बोट उघडताच मागे पडद्यावर आमच्याच गेममधला दगड सुटतो. कोपऱ्यात तारीख आहे, २७ ऑक्टोबर. तारखेबद्दल रागिणीने एक शब्द लिहिलेला नाही.

ग्रुपवर टाकला. वर लिहिलं, 'पहिली रागिणी. माझं नाव काढा.'

अनुपचा फोन वाजतोय. उचलते.